साखरेची वारसनोंद

"आपल्या घरात साखर बायकांना लागत नाही. ती पुरुषांच्या नावावर आहे," मोठे काका लॅबच्या माणसाला सांगत होते. दंडाला रबरी पट्टा आवळलेला, मूठ मिटलेली, तरी तोंड चालूच.

माझ्या काकांइतका कागदावर विश्वास असलेला माणूस अख्ख्या हर्सूलमध्ये सापडणार नाही. आयुष्यभर ते तलाठी होते. नोकरी सुटली, सातबारा सुटला नाही. आजोबा मधुमेहानं गेले तेव्हा काकांनी एक लांबलचक वही आणली आणि त्यात आजाराचीच वारसनोंद सुरू केली. मूळ धारक आजोबा, त्यांच्याखाली मुलगे, मग नातू. दरवर्षी आजोबांच्या तिथीआधीच्या रविवारी लॅबचा माणूस घरी येतो. पुरुष उपाशीपोटी ओळीनं हात पुढे करतात, बायका आत पोहे करतात. चुलतबहिणीला पाहायला पाहुणे आले, तर काकांनी पत्रिका बाजूला सारून मुलाचा लिपिड प्रोफाइल मागितला. मुलाचे वडील म्हणाले, "पाव्हणं, आम्ही पोरगा आणलाय, म्हैस नाय." ते स्थळ गेलं. काकांनी वहीत 'हरकत प्राप्त' असा शेरा मारला.

रक्ताचं शास्त्रही त्यांना पाठ आहे. रक्तातून म्हणे चरबीच्या बैलगाड्या फिरतात. एलडीएलची गाडी वाटेत माल सांडते, एचडीएलची तो उचलून परत नेते. "तुझ्या बापाकडं उचलणाऱ्या गाड्याच कमी हैत. अशाच घरात साखर शिरते!" गंमत म्हणजे यात फारसं काही चुकत नाही. मी जनुकशास्त्रात एम.एस्सी. करतेय, म्हणून सांगते. म्हणजे तुम्हाला सांगते. काकांना कधीच काही सांगितलं नाही. रिपोर्ट इंग्रजीत येतात, त्यामुळे "ए इंग्लिश मीडियम, वाच" म्हटलं की मी वाचते. आकडे संपले की माझा आवाजही संपतो. बापाची जनुकं मुलीलाही तेवढीच येतात हे मला माहीत होतं. ते चारचौघांत म्हणायचं कसं, एवढंच माहीत नव्हतं.

यंदाही सोयगावहून आत्या आली. काकांची धाकटी, लाडकी बहीण. पोहे परतता परतता तिनं दोन तांबे पाणी रिचवलं. पायाच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. "ठेच लागली व्हती माय. दोन महिने झाले, भरूनच येईना."

हा रिपोर्ट मला कागदाशिवाय वाचता आला.

बाहेर लॅबचा माणूस पेटी आवरत होता. "हो गया ना चाचा? और कोई?"

"आत्या राहिली," मी म्हणाले. इतकं हळू, की मलाच नीट ऐकू आलं नाही. काकांना मात्र आलं.

"तिचं कशाला?" त्यांनी वही उघडून दाखवली. आजोबांखाली एका कोपऱ्यात आत्याचं नाव, आणि पुढे सुबक अक्षरात 'हक्कसोड'. आजोबांच्या जमिनीतला वाटा तिनं सही करून भावांना सोडला होता, एका साडीवर. काकांनी त्याच हिशेबानं तिला आजारातूनही वगळलं होतं.

"व्हय की! मला काय धाड भरलीय," आत्या हसली आणि पुन्हा तांब्याकडे वळली.

एवढ्यात चहा आला. स्वतः बिनसाखरेचा पिणारे काका दरवर्षी आत्याचा कप आपल्या हातानं करतात. "आमच्या वाटची पण तूच खा गं," म्हणत त्यांनी एक चमचा घातला, दुसरा घातला. बहिणीकडून घेतलेलं ते असं चमच्या-चमच्यानं परत करत असावेत, असं मला तेव्हा पहिल्यांदाच वाटलं. तिसरा चमचा भरला, आणि मी कपावर हात ठेवला.

चमचा तसाच थांबला. लॅबच्या माणसाची पेटीही थांबली.

"काय म्हणती रं पोरगी?" आत्यानं विचारलं.

"काका, जमीन सोडता येते. ह्याची हक्कसोड होत नाही. आत्या, हात पुढे कर."