काच न उलटता

ग्रूनेकच्या टेकडीवरच्या आमच्या वेधशाळेत तारे रात्री खगोलशास्त्रातली डॉक्टर मंडळी बघत, आणि ते कुठे चाललेत हे दिवसा हेरमान वुट्के सांगत. ताऱ्याचा उजेड फोटोच्या काचेवर पट्टीसारखा पसरलेला असे, त्यात बारीक रेघा. शेजारी लोखंडाच्या ठिणगीच्या रेघा, जागच्या न हलणाऱ्या. ताऱ्याच्या रेघा निळ्या टोकाकडे सरकलेल्या दिसल्या की तारा आपल्याकडे येतोय, तांबड्या टोकाकडे सरकल्या की लांब जातोय. जितकं सरकणं, तितका वेग. वुट्के सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून हे मापत.

नियम असा की प्रत्येक काच दोनदा मापायची, एकदा सुलटी, एकदा उलटी. प्रत्येक माणसाची नजर थोडी एका बाजूला ओढते. काच उलटून दोन्ही मापांची सरासरी काढली की ती ओढ वजा होते. माणसावर इतका रीतसर अविश्वास मी दुसरीकडे पाहिला नाही.

त्या वर्षी वुट्केंच्या उजव्या डोळ्यात धुकं उतरलं आणि दोन मापं जुळेनाशी झाली. मापं न जुळणारा माणूस बदलतात. वेधशाळेमागचं घरही नोकरीबरोबरच जातं. वुट्केंनी काच उलटणं बंद केलं. दुसरं माप पहिल्याच्या जवळपास अंदाजानं लिहू लागले.

बाकीच्या ताऱ्यांची एकेकच काच होती. हंस तारकासमूहातल्या एका ताऱ्याच्या मात्र बऱ्याच होत्या, आणि डॉक्टर टीमान एका सकाळी टोपीशिवाय धावत आले.

"वुट्के! हा तारा कधी येतो, कधी जातो! न दिसणारा जोडीदार आहे त्याला, तोच ओढतोय. मी बर्लिनला निबंध वाचणार!"

घरी वुट्केंनी ताटातला हेरिंग मासा नुसताच चिवडला. "आल्विने, तो तारा ऊन पडलं की येतो आणि ढग आले की जातो."

"म्हणजे रे?"

"खोलीतला उजेड बदलला की माझं माप बदलतं. जोडीदार माझ्या डोळ्यात आहे."

"मग राहू दे तिथेच," बायको म्हणाली. "नाहीतर तुझ्या बहिणीकडे राहावं लागेल. तिच्या त्या शिंकणाऱ्या कुत्र्याशेजारी."

दुसऱ्या दिवशी मी, वेधशाळेचा मिस्त्री, त्या सूक्ष्मदर्शकाचा काच सरकवणारा स्क्रू बसवत होतो. तिथेच वुट्के डॉक्टरांना म्हणाले, "साहेब, माझा डोळा गेलाय."

"काहीतरीच! उलटं माप सुलट्याशी तंतोतंत जुळतंय तुमचं. डोळ्याची खोट उरेलच कशी? इतकं तर तरुणपणीही जुळत नव्हतं."

इथे गप्प बसता आलं असतं. कौतुक चालू होतं.

"उलटी काच मी ठेवलीच नाही, साहेब."

डॉक्टर खुर्चीत बसले. एकेक काच स्वतः लावली, सुलटी, मग उलटी. बराच वेळ मला फक्त स्क्रूची करकर ऐकू येत होती.

"एकाच चालीनं चाललाय," शेवटी ते म्हणाले.

"येतोय की जातोय?"

"येतोय."

"बरं," वुट्के म्हणाले. "मग आम्ही निघतो."

डॉक्टरांनी डोळा वर केला नाही. "परसातले बटाटे काढून घ्या आधी."