पहिल्या घोटाची चव

शनिवारी दुपारी मी वसईतल्या एका बिअर शॉपीत चष्मा कपाळावर चढवून बाटलीचं लेबल वाचत उभा होतो. दुकानदार वैतागला. ‘‘काका, औषध नाहीये ते, एक्स्पायरी काय शोधताय?’’ मी शोधत होतो चव. गव्हाची बिअर, त्यात संत्र्याची साल, असं काहीसं लिहिलं होतं, आणि उद्या ती हरेश्वररावांना कोणत्या शब्दांत सांगायची याची जुळवाजुळव चालली होती. तेवढ्यात शालूताईंचा फोन आला. ‘‘अनंतराव, यांना दवाखान्यात आणलंय. लवकर या.’’ मी पोहोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. शालूताई बाहेर बाकावर बसल्या होत्या. शेजारी बसायला वाकलो आणि हातातली पिशवी बाकाच्या लोखंडी पायावर आपटून खणकन वाजली. ‘‘काय आहे त्यात?’’ त्यांनी विचारलं. ‘‘औषध,’’ मी म्हणालो.

हरेश्वरराव माझे साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, शालूताईंचे, यजमान. नंदाखालला त्यांची नारळी-केळीची वाडी. त्यांच्या लेकीनं बंगळुरूहून एक बोर्डगेम पाठवला, तेव्हापासून रविवारची दुपार आमची झाली. ते, मी आणि शेजारचा पास्कल. पटावर किनाऱ्यालगतचं एक गाव. भरतीचं पाणी घराघराने चढत येतं आणि सगळ्यांनी मिळून लाकडी होड्यांतून गावकऱ्यांना टेकडीवर पोचवायचं. जिंकलो तर सगळे, बुडालो तर सगळे. आम्ही कायम बुडालो. त्यात माझा वाटा मोठा, कारण पाणी बघितलं की माझा हात पुढे सरकत नसे. ‘‘साडूभाऊ, गाव गेलं वाहून, तुमची होडी अजून बंदरातच!’’ हरेश्वरराव ओरडत. ‘‘याला होडी नको, बंगला द्या बंदरात,’’ पास्कल म्हणे.

खेळासोबत बिअर आलीच. हरेश्वररावांना काळपट, कडू, आणि फार गार न केलेली लागे. बर्फासारखी गार केली की जीभ बधिर होते, मग नळाचं पाणी काय वाईट, हे त्यांचं म्हणणं. पास्कल कोणतीही पिई, फक्त लिंबू पिळून. मी आपला सोबतीला एक ग्लास घेई आणि त्यातलाही अर्धा फेस फुंकण्यात घालवी. एकदा पास्कलचा ग्लास पटावर लवंडला आणि गावातल्या विहिरीचा चौकोन टम्म फुगला, तो फुगलाच. त्यानंतर ग्लास टेबलावर ठेवायचा नाही असा नियम झाला. केळ्यांचं क्रेट उपडं करून ग्लास त्यावर.

मग त्यांच्या लिव्हरचं निघालं. डॉक्टरांनी थेंबसुद्धा बंद सांगितला. पुढच्या रविवारी मी शहाणपणा करून घरून कोकम सरबत नेलं, पास्कलही हात हलवत आला. हरेश्वररावांनी आमच्याकडे बघितलं. ‘‘तेराव्याला आलात काय रे? अजून जिवंत आहे मी!’’ आणि तिथल्या तिथे नवा नियम काढला. आम्ही प्यायची. पण पहिला घोट घेतला की चव त्यांना सांगायची, तोवर डाव सुरू होणार नाही. पास्कल लगेच म्हणाला, ‘‘भट्टीतल्या पावाची कड करपते ना, तशी.’’ ते खूश. माझी पाळी आली. मी घोट घेतला, विचार केला, आणि म्हणालो, ‘‘थंड आहे.’’

‘‘साडूभाऊ, सरबतही थंड असतं!’’

तेव्हापासून मला रविवारची धास्ती. आठवडाभर मी घरी घोट घोट घेऊन शब्द शोधी. ‘‘चेहरा असा करताय जसं काही एरंडेलच पिताय,’’ बायको म्हणे. एकदा मी धीर करून सांगितलं, ‘‘भिजलेल्या गोणपाटासारखी.’’ हरेश्वरराव इतके हसले, इतके हसले की त्यांना ठसका लागला. तो थांबेना, तसे आम्ही हसायचे थांबलो. खरी धास्ती ती होती. चवीची काळजी केली की दुसरी काळजी करावी लागत नसे, एवढंच. दर रविवारी त्यांचे पाय थोडे अधिक सुजलेले, डोळे थोडे अधिक पिवळे. ‘‘पटाकडे बघा, माझ्या डोळ्यांत काय गाव बुडतंय?’’ ते म्हणत. एकदा त्यांनी माझा ग्लास उचलला. पास्कल अर्धा उठला. त्यांनी ग्लास नाकाशी धरला, डोळे मिटले, आणि परत क्रेटवर ठेवला. ‘‘वास बंद नाही केलेला डॉक्टरनं.’’

शेवटच्या रविवारी डाव अर्ध्यावर असतानाच ते थकले. पाणी विहिरीपर्यंत आलं होतं आणि पाळी माझी होती. ‘‘पट हलवू नका. साडूभाऊंना आठवडाभर विचार करू दे,’’ असं म्हणून ते आत जाऊन पडले.

त्या शनिवारची बाटली माझ्या फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात राहिली. उघडवेना, टाकवेना. बायकोही तिच्याभोवतीच कोथिंबीर ठेवू लागली. काही आठवड्यांनी शालूताईंचा फोन आला. ‘‘ते औषध आहे का अजून? रविवारी घेऊन या. पास्कलला मी सांगितलंय.’’

स्कूटरवरून नंदाखालला जाताना वाटेत दोनदा परत फिरावंसं वाटलं. पट तसाच होता. होड्यांच्या मधली धूळसुद्धा कुणीतरी जपून पुसली होती. क्रेट जागेवर, त्यावर तीन ग्लास. मी बाटली उघडली, ओतली, घोट घेतला. पास्कल खाली बघत बसला. हरेश्वररावांच्या खुर्चीकडे बघायचं नाही असं ठरवूनही बघितलं. गेले कित्येक दिवस जुळवलेले शब्द होते, संत्री, साल, गहू... एकही वर येईना.

‘‘थंड आहे,’’ मी म्हणालो.

‘‘सरबतही थंड असतं,’’ शालूताई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या.

बिअरच्या वासानं ज्या बाईचं डोकं उठत असे, ती पुढे आली, खुर्ची ओढून बसली, तिसरा ग्लास उचलून नाकाशी धरला. बराच वेळ धरून ठेवला. ‘‘संत्र्याची साल आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आणि मागून धने. यांना नसती आवडली.’’ ग्लास तसाच क्रेटवर ठेवला आणि पट आपल्याकडे वळवला. ‘‘पाळी कुणाची?’’

पाळी माझीच होती. पाणी विहिरीशी आणि माझी होडी बंदरात. मी ती उचलली आणि पुढे सरकवली.