शेवंताच्या जागी

माझ्या पहिल्या कॅसेटविषयी मी व्यासपीठांवरून पुष्कळ बोलले आहे. तिच्यातल्या एका शब्दाविषयी मात्र कुणापाशीच नाही—नवऱ्यापाशीही नाही. तुम्हांला सांगते आहे. का, ते मला नीटसे ठाऊक नाही.

गावोगावी हॉटेलांतून, रसवंत्यांतून टेप वाजू लागले होते, त्या वर्षांतली ही गोष्ट. कॅसेटच्या एका बाजूला जात्यावरच्या ओव्या, दुसऱ्या बाजूला मीच चाली लावलेल्या माझ्या नव्या कविता. कवितांखाली माझे नाव छापले होते. ओव्यांखाली एकच शब्द—पारंपरिक. किती निरागस शब्द, नाही?

त्यांतली एक ओवी पारंपरिक नव्हती. ती पाली गावच्या सोनाबाईंनी रचली होती. त्यांची लेक शेवंता बिंदुसरेच्या धरणावर पाण्याला गेली, ती परतली नाही. मुलीचा एक फोटोही मागे नव्हता. सोनाबाईंनी तिला ओवीत ठेवले होते—

शेवंता माझी लेक, पाण्याला गं गेली
घागर आली घरा, लेक तळ्याची झाली

ओव्या गोळा करत फिरताना, जात्याच्या घरघरीतून, पिठाच्या उबदार वासातून तो आवाज मी ऐकला, ओवी वहीत उतरवली. आणि ध्वनिमुद्रणाआधी ‘शेवंता’ खोडून ‘मैना’ लिहिले. जी गाते ती ओवीत आपल्या माणसाचे नाव घालते, ही रीतच आहे—असे मी स्वतःला समजावले. पण मैना माझी कोण होती? कुणीच नाही. खरे नाव राहिले असते, तर ही ओवी कुणाची, असे कुणीतरी विचारले असते. ते मला नको होते.

एवढ्यावरच थांबले असते, तर—नाही, थांबले नाही.

पुढच्या उन्हाळ्यात सोनाबाईंनी पुतणीच्या हळदीला मला आग्रहाने बोलावले. कॅसेट गावभर झाली होती. त्यांच्या घरी टेप नव्हता. हळद दळायला त्या जात्याशी बसल्या, आपली ओवी त्यांनी सुरू केली, आणि पोरी खिदळल्या.

“आजी, चुकली की तू! कॅसेटीत मैना हाय.”

“म्हातारी आपलंच घुसडती बघ!”

सोनाबाईंचा जात्याच्या खुंट्यावरचा हात थांबला. त्या रागावल्या नाहीत, माझ्याकडे वळल्या.

“पोरी असं का म्हणत्यात, ताई? तुमी लई शिकलेल्या. तुमीच सांगा.”

साऱ्याजणी माझ्याकडे पाहत होत्या. एक नाव उच्चारायला किती श्वास लागतो?

“मैनाच आहे, मावशी,” मी म्हणाले. “जुनी ओवी तशीच आहे.”

“असंल बाई. माझ्याच ध्यानात न्हाई ऱ्हायलं.”

जाते पुन्हा फिरू लागले. सोनाबाई ‘मैना’ म्हणू लागल्या—नावाच्या जागी दर वेळी किंचित अडखळत. पोरींनी सूर धरला. मीही धरला, सर्वांत वरच्या पट्टीत, सर्वांत स्पष्ट.