आमच्या ह्यांचे कान

आमच्या ह्यांना, म्हणजे चारुदत्तांना, कॅनडात, एडमंटनमधली मराठी मंडळी गाड्यांचे डॉक्टर म्हणतात. मी म्हणते, हट्टी डॉक्टर! साताऱ्याला एसटीच्या वर्कशॉपमध्ये उमेदवारी केली, इथे येऊन परीक्षा दिल्या आणि तेव्हापासून एकाच गॅरेजात आहेत. कामाची पद्धतही एकच. गाडी मालकाने चालवायची, रेडिओ बंद, हीटरचा पंखा बंद, तोंडं बंद, आणि हे शेजारी डोळे मिटून बसणार. आधी सरळ रस्ता, मग मोकळ्या पार्किंग लॉटमध्ये स्टीअरिंग पूर्ण वळवून गोल फेऱ्या. तोवर कशालाही हात लावायचा नाही. मध्ये कोणी बोललं तर असे बघतात की त्याने उतरून चालत घरी जावं.

पण वर्षभरापासून ह्यांना ऐकू कमी येऊ लागलं होतं. नट सोडवायच्या एअर गनच्या कलकलाटात जन्म काढल्यावर दुसरं काय होणार? घरात टीव्ही कोकलायचा आणि मी बेसमेंटमधून हाका मारून दमायचे. कान तपासा म्हटलं की उठून निघून जायचे. कारण मला ठाऊक होतं. गॅरेजात कळलं तर टेस्ट ड्राइव्ह काढून घेतील आणि काउंटरवर बसवतील. म्हणून तिथे कोणाला पत्ता लागू दिला नव्हता. आणि मला वेगळीच धास्ती, की एक दिवस हे चुकीचं सांगतील आणि कोणाच्या तरी जिवावर बेतेल.

२०१७ च्या मार्चमधली गोष्ट. रस्ते कोरडे झाले होते, काळपट बर्फ फक्त कडेला उरला होता. शनिवारी सकाळी स्वानंद आला. हा पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, आमच्या ओळखीतला. हिवाळ्याआधी त्याने जुना फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप घेतला होता.

"काका, गाडीतून काहीतरी आवाज येतोय. उद्या मुलांना घेऊन डोंगरात, जॅस्परला निघायचंय, जरा बघता का?"

मला ग्रोसरी आणायची होती, म्हणून मीही मागे बसले. एक ब्लॉक सरळ गेलो, एक वळण घेतलं आणि हे म्हणाले, "काही नाही रे, विंटर टायर्सचा आवाज आहे. बिनधास्त जा."

मी चाटच पडले. पार्किंग लॉट नाही, गोल फेरी नाही? अहो, त्या वळणावर खालून काहीतरी चांगलं कण्हलं होतं! पुढे सिग्नल सुटला तेव्हा तर खट्‌कन दणका बसल्यासारखा आवाज आला. ह्यांचं लक्षच नाही. मला कळून चुकलं. ह्यांना ऐकूच आलं नव्हतं, आणि ते उघड होऊ नये म्हणून तपासणी उरकली होती.

बोलले तर परक्या पोरासमोर नवऱ्याची शोभा. नाही बोलले तर उद्या दोन लेकरं ह्या गाडीत, डोंगरातल्या हायवेवर.

"अहो," मी म्हटलं, "वळताना खालून कोण कण्हतंय?"

स्वानंद आरशातून माझ्याकडे बघायला लागला. संपलं, आता आठवडाभर अबोला, असं माझ्या मनात आलं. मग समोर बघतच हे म्हणाले, "स्वानंद, त्या कम्युनिटी हॉलच्या लॉटमध्ये घे. अरुणा, तू ऐक आणि मला सांग. मोठ्याने."

"उजवीकडे वळताना येतो?"

"येतो."

"डावीकडे?"

"तितकाच."

"सरळ केल्यावर?"

"थांबला."

एका चाकाचं बेअरिंग गेलं असतं तर दोन्हीकडे सारखा आला नसता, असं पुटपुटत ह्यांनी डॅशबोर्डवरच्या बटणाकडे पाहिलं. ते फोर-हायवर, म्हणजे चारही चाकं जोडून ठेवणाऱ्या खुणेवर होतं.

"हे असं कधीपासून?"

"नोव्हेंबरपासून," स्वानंद म्हणाला. "चार चाकं ओढणारी गाडी घेतली ना काका, मग दोनवर कशाला चालवायची? सेफपण."

"अरे शहाण्या!" हे ओरडलेच. "ते बर्फापुरतं! वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात, मागची कमी. तू दोघांना एकत्र बांधून ठेवलंस. बर्फावर ती घसरून जमवून घेतात, कोरड्या रस्त्यावर कशी घसरतील? सगळी ओढाताण पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या मधल्या पेटीतल्या साखळीवर."

बटण टू-व्हीलवर आणून पुन्हा फेरी मारली. कण्हणं गेलं. घरी येऊन हे गाडीखाली शिरले, त्या पेटीतलं थोडं तेल काढून बोटांवर चोळलं. त्यात धातूचा चमचमता कीस होता. साखळी सैल पडून गिअरच्या दातांवरून उडत होती, खट्‌ आवाज तोच. साखळी तुटून पेटी जाम झाली तर गाडी भर वेगात अडकेल, म्हणून हिला आता हायवेवर न्यायचं नाही, असं ह्यांनी बजावलं.

स्वानंदने गाडीची किल्ली ह्यांच्या हातात दिली. "काका, तुम्ही होतात म्हणून वाचलो."

हे हात पुसत उभे राहिले. "मी तर जा म्हणालो होतो, स्वानंद. मला तो आवाज आलाच नाही. ऐकू येत नाही मला आता. काकूने ऐकलं."

ज्या कबुलीसाठी मी वर्षभर डोकं आपटत होते, ती अशी ड्राइव्हवेवर मिळाली. आणि आनंद व्हायचा सोडून मला रडूच कोसळलं.

सोमवारी हे नेहमीसारखेच डबा घेऊन गेले. संध्याकाळी आले तेव्हा टेस्ट ड्राइव्हचं काम दुसऱ्याला देऊन आले होते. कोणी काढून घेतलं नव्हतं, ह्यांनीच सांगितलं होतं.