मावशींच्या नावावर गेलेली चूक

माझ्या एका चुकीचा दोष मी एकवीस वर्षे दुसऱ्या माणसाच्या नावावर राहू दिला. बोलायची वेळ आली तेव्हा मी गप्प राहिलो, आणि पुढे त्याच चुकीची एक बोधकथा करून ती लोकांना सांगत राहिलो. हे दुसरे पाप पहिल्याहून मोठे होते, हे कळायला मला पन्नाशी ओलांडावी लागली.

आमचा मसाल्याचा कारखाना इस्लामपूरजवळ आहे. आईने घरच्या चुलीवर सुरू केलेले काम वडिलांनी पत्र्याच्या शेडमध्ये नेले. माझ्याकडे आले तेव्हा त्याची कंपनी झाली होती. आमच्याकडे नुसते 'चटणी' म्हटले की वर्षभर पुरणारी कांदा-लसणाची लाल चटणीच समजतात. तिचे टिकणे कांद्यावर अवलंबून. कांदा कापून उन्हात कडकडीत वाळवायचा, मग तेलात तळायचा. ओल राहिली की महिन्याभरात बुरशी. तो वाळला की नाही, हे ठरवण्याचा अधिकार एकट्या मावशींचा होता. आटपाडीकडून कामासाठी आलेल्या त्या विधवा बाई आईच्या वेळेपासून आमच्याकडे होत्या. मूठभर कांदा कानाशी नेऊन चुरायच्या आणि त्याच्या आवाजावरून सांगायच्या. त्यांनी मान हलवल्याशिवाय कढई चढत नसे, मग सांगणारे खुद्द वडील का असेनात. बाकीच्या बायका चेष्टेने म्हणत, "आमचं ऐकत न्हाई, पर कांद्याचं लय ऐकती बया."

एकवीस वर्षांपूर्वीच्या त्या उन्हाळ्यात साताऱ्याच्या एका मोठ्या व्यापाऱ्याची मागणी मी मिळवली होती. मी स्वतःच्या बळावर मिळवलेले ते पहिलेच काम. नेमके दोन दिवस आभाळ आले. वडील हळदीच्या सौद्याला सांगलीला गेलेले. गच्चीवर मावशी आणि मी दोघेच होतो. त्यांनी कांदा चुरून पाहिला आणि परत टाकला.

"आज न्हाई. अजून दोन उन्हं पायजेत."

"मावशी, गाडी उद्या दुपारी साताऱ्याला निघते."

"निघू द्या की. बुरशी मागनं एष्टीनं जाईल."

ऐकायला दुसरे कोणी नव्हते, तरी ते मला लागले. मी म्हणालो, "कांदा खाली न्या. जबाबदारी माझी."

मावशींनी पदराला हात पुसले. "तुमी मालक," एवढेच म्हणाल्या.

महिन्याने खोकी परत आली. पाकिटांत पांढरी बुरशी धरली होती. वडिलांनी ती सगळी खोकी अंगणात मांडायला लावली आणि सर्वांना बोलावून विचारले, "कांदा कुणी बघितला हुता?" खरे तर विचारायची गरजच नव्हती. सगळ्यांच्या नजरा मावशींकडे गेल्या. मावशींनी माझ्याकडे पाहिले. मी पाकिटावरचा मजकूर वाचत होतो. तो मीच लिहिलेला होता.

"माझ्याच हाताखालनं गेलाय, मालक," त्या म्हणाल्या.

"मग बाई, उद्यापासनं तुमी पाकिटं भरायला बसा."

वडिलांना संध्याकाळी सांगू, असे मी ठरवले. मग त्यांचा राग निवल्यावर सांगू, असे ठरवले. नंतर ते आजारी पडले, आणि आता कशाला त्यांना त्रास द्यायचा, हे कारण मला फार सोयीचे झाले. मावशींचा कान चुकला, असे मानूनच ते गेले. मावशी चार वर्षे पाकिटे भरून मुलाकडे आटपाडीला निघून गेल्या.

मी वाळवणाची यंत्रे आणली, कंपनी वाढली, आणि मला भाषणांना बोलावू लागले. 'आमच्या एका जुन्या कामगार बाईंचा अंदाज चुकला, त्यातून आम्ही शिकलो,' अशी गोष्ट मी प्रत्येक भाषणात सांगत असे. बाईंचे नाव घेत नसे, आणि हाच आपला मोठेपणा, अशी माझी समजूत होती. गेल्या वर्षी साताऱ्याच्या एका महाविद्यालयात भाषण संपल्यावर एका मुलीने विचारले, "सर, अंदाज कशामुळे चुकला, हे त्या बाईंना कुणी विचारलं का?" मी काहीतरी उत्तर दिले. परतताना कराड मागे पडल्यावर मी ड्रायव्हरला आटपाडीचा रस्ता विचारला.

त्याच आठवड्यात आटपाडीला गेलो. मावशी ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. मी एका दमात सगळे सांगून टाकले. त्या शेंगा फोडतच राहिल्या.

"हे मला कशाला सांगतायसा? मला ठावंच हाय की."

"तुम्ही तेव्हा बोलला का नाही, मावशी?"

"बापाम्होरं तुमाला खाली बघायला लावायचं व्हय? वाटलं, आज न्हाई तर उद्या सांगशीला." टरफले बाजूला सारून म्हणाल्या, "कारखान्यातल्या बायकांनी हितवर बातमी आणली. माझ्या हातची चटणी नासती म्हणं. गावात लग्नाची चटणी करायला मला कवाच कुणी बोलावलं न्हाई. आता हात थरथरत्यात, बोलावलं तरी काय उपेग. पर ज्यांनी ऐकलंय, त्यांना सांगा."

सर्वांसमोर माफी मागणार, असे धाकट्या भावाला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "दादा, घरी जाऊन साडी-चोळी कर, पाया पड. गावजेवण कशाला घालतोयस माफीचं?" त्याचे म्हणणे आम्हा दोघांनाही सोयीचे होते, म्हणूनच मी ते बाजूला ठेवले.

उन्हाळ्याचे काम सुरू करताना पहिल्या कढईची पूजा करण्याची आमच्याकडे रीत आहे. यंदा त्या दिवशी मी काम सोडून गेलेल्या जुन्या बायकांनाही बोलावले. मावशींना आणायला मी स्वतः आटपाडीला गेलो. वाटेत त्या पावसापाण्याविषयी बोलल्या, नातवाच्या शाळेविषयी बोलल्या. कारखान्यात त्यांनी खुर्ची नाकारली आणि बायकांतच सतरंजीवर बसल्या. पूजा झाल्यावर मी उभा राहिलो. इतकी भाषणे केलेला मी, पण खिशातला चष्मा काढून पुसत बसलो. एक म्हातारी कुजबुजली, "बोला की आवं, कढई तापून लाल झाली."

मग मी मावशींकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणालो, "मावशी, त्या वर्षी तुम्ही कांदा ओला आहे म्हणून सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. वडिलांनी विचारलं तेव्हा मी इथेच उभा होतो आणि गप्प बसलो. नंतर तुमची चूक म्हणून चार गावांत सांगत फिरलो. तुमचा कान चुकला नव्हता. तुमचं नाव मी घालवलं. मला माफ करा."