मंगळवार, बुधवार, शुक्रवारचं चिकन

सुकं चिकन माझ्यासारखं आमच्या जळगावच्या पिंप्राळ्यात कुणी करत नाही. हे मीच सांगते, कारण दुसरं कुणी सांगेपर्यंत थांबायचा माझा स्वभाव नाही. कांदे आणि सुकं खोबरं थेट गॅसच्या जाळावर काळं होईस्तोवर भाजायचं, काळ्या मसाल्यासोबत वाटायचं, आणि वाटण तेल सोडेपर्यंत कढईपासून हलायचं नाही. वरून पाण्याचा थेंब घालायचा नाही. पाणी घातलं की रस्सा झाला, आणि रस्सा फार टिकत नाही. सुकं मात्र फ्रिजमध्ये छान मुरतं.

ह्यांची धुळ्याला बदली झाली तेव्हा हे सगळं कामाला आलं. हे बियाण्यांच्या कंपनीत आहेत. बदलीच्या तोंडावरच टायफॉइड झाला आणि माणसाचा नुसता हाडांचा सापळा उरला. अंडी, चिकन भरपूर खाऊ घाला, डॉक्टर म्हणाले. माझी नोकरी जळगावात, म्हणजे हे तिकडे खोलीवर एकटे. हा माणूस अंग धरणार कसा, एवढीच धास्ती मला होती.

मग रविवारी आठवड्याचं चिकन सुरू केलं. आठवड्याचं म्हणजे तीनच दिवसांचं. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, आणि शनिवारी हे घरी. मंगळवार, बुधवार, शुक्रवार असे तीन डबे भरून ह्यांच्यासोबत द्यायचे, शुक्रवारचा ह्यांनी खोलीवरच्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवायचा. चोपड्याहून सासूबाई फोनवर म्हणाल्या, "नवऱ्याला शिळं घालतेस?" मी म्हटलं, "आई, तुम्ही लोणचं रोज ताजं घालता का?" त्यांनी फोन ठेवला.

पण कित्येक शनिवार गेले तरी ह्यांचा शर्ट खुंटीला टांगल्यासारखाच दिसायचा. एका मंगळवारी संध्याकाळी मी फोन केला.

"आजचा डबा संपवला?"

"तिन्ही संपले."

"तिन्ही? एका दुपारी?"

"अगं, ऑफिसात बसलो सगळे. आपल्याकडे कोंबडी कधी कुणी एकट्यानं खातं का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी रविवारभर धुरात डोळे चोळायचे, आणि शिंकं तुटलं अन् बोक्यांचं फावलं! पुढच्या मंगळवारी मी रजा टाकली आणि न सांगता धुळ्याची बस धरली. त्या बोक्यांना काय काय सुनवायचं ते पारोळ्यापर्यंत पाठ झालं होतं.

पोचले तर दुपारची सुट्टी झालेली. गोडाऊनमध्ये बियाण्यांच्या पोत्यांशेजारी वर्तमानपत्रं अंथरून सगळे गोल बसलेले. कुणाची कळण्याची भाकरी, कुणाचा ठेचा, कुणाचं वांग्याचं भरीत, आणि मधोमध माझे तिन्ही डबे. ह्यांची पाठ माझ्याकडे होती. कुणाशी तरी हुज्जत घालत, हसत, त्यांनी भाकरी संपवली आणि न बघताच दुसरीसाठी हात पुढे केला.

मी दारातच थांबले. घरी हा माणूस अर्ध्या पोळीवर उठायचा.

तिथले वयस्कर स्टोअरकीपर, सगळे त्यांना आबा म्हणतात, मला बघून उठून आले. मी कोण ते सांगितलं. ते हळूच म्हणाले, "पहिल्यांदा तो डबा उघडायचा, बघत बसायचा आणि झाकण लावायचा. एकट्याला घास उतरत नव्हता. मग आम्हीच त्याच्या डब्याभोवती बसायला लागलो. आम्ही त्याच्याकडे मागून घेतलं नसतं तर त्यानं खाल्लंच नसतं, पोरी."

मनात आलं, बरं झालं बाई, बोलायच्या आत ऐकलं.

तेवढ्यात आबांनी मोठ्यानं हाक दिली, "पोरी, बठ! दोन घास खाई ले." हे दचकून वळले. मी काही बोलायच्या आत ह्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"अगं, किती वाळलीस तू," ते म्हणाले. "तिकडे जेवतेस कुणाबरोबर?"

जळगावात मी रोज ओट्याशी उभी राहून दोन घास गिळत होते, आणि ते कुणी मला विचारलंच नव्हतं.

मी चपला काढल्या आणि ह्यांच्या शेजारी मांडी घालून बसले.