समासातले पेन्सिलीचे गोल

रद्दीवाल्याकडून आलं ते असं: भजनांचं जुनं छापील पुस्तक एक, चाळीस रुपये, पितळी टाळांची जोडी, दीडशे. पुस्तकात छापील स्वरांखाली पेन्सिलीच्या खुणा होत्या, समासात जागोजागी लहान गोल. पहिल्या पानावर कुण्या बुवांचं नाव, गाव धामणगाव बढे.

गोल म्हणजे थांबा, असं आमच्या महिला भजनी मंडळानं ठरवलं. पण थांबलं की अभंगाचा जीवच जायचा. सप्ताह तोंडावर आलेला. देवापुढं अदमासानं म्हणणं मला पटेना, म्हणून त्या गावाला निघाले.

नांदुऱ्याहून सकाळची एसटी घ्यावी, मोताळ्याला बदलावी. बायांना अर्धं तिकीट. डबा घरूनच न्यावा. मी भाकर-ठेचा नेला. रस्त्याला दोन्ही अंगांनी कपाशी फुटलेली. कंडक्टरला बुवांचं घर विचारलं. बुवा वारून लई वर्षं झाली, आजी आहेत, म्हणाला. पण दारातून आवाज द्या, तिथलं कुत्रं माह्याहून कडक तिकीट तपासते.

बुवांच्या पत्नी गंगूआजी ओसरीत वाती वळत होत्या. पुस्तक त्यांनी कपाळाला लावलं. लेकानं घर बांधताना ते न विचारता रद्दीत दिलं होतं. आम्ही गोलावर कसं थांबतो ते मी सांगितलं.

"थांबता काऊन? सप्त्यात या गोलावर वीणा एकाच्या गयातून दुसऱ्याच्या गयात जाते. तवर तेच ओळ घोयवत राहाची. तुम्ही थांबल्या तं वीणा मुकी नाही होत?"

त्यांनी म्हणून दाखवलं. आवाज कापत होता, ओळ तुटली नाही. बुवांच्या मंडळातला जो तो त्यांच्या खुणा आपल्या पुस्तकात उतरवून घ्यायचा, असंही त्या बोलल्या. मग शेवटचं पान काढायला सांगितलं. ते फाटून गेलेलं. आजींनी पुन्हा वाती वळायला घेतल्या.

"त्या अभंगाले त्याईनं येगळी चाल बसोली व्हती. त्याईले पोचवतानी मंडयानं तेच म्हटलं. मले शब्द येतात, चाल गेली. मी जाईन तवा तेच म्हणजा, बाई."

पुस्तक मात्र ठेवून घेईनात. म्हणणाऱ्याजवळच राहू द्या, म्हणाल्या.

सप्ताहात आम्ही ओळ घोळवली, वीणा गळ्यातून गळ्यात गेली, कोणी थांबलं नाही. समाधान वाटलं, पण अर्धंच. आजींना मी हो म्हणून आले आहे.

मोताळा-नांदुरा भागात कोणाच्या देवघरात असं समासात पेन्सिलीचे गोल असलेलं भजनांचं पुस्तक असेल तर शेवटचं पान उघडून पाहा. छापील स्वर नकोत, हाताच्या खुणा हव्यात. फोटोत पेन्सिल नीट उमटत नाही, तेव्हा कागदावर जशाच्या तशा उतरवा आणि आजींना ऐकू येतंय तोवर उलट टपाली कळवा.